पाटी ते मोबाइल : वंचित मुलांच्या संगणक-शिक्षणाचा इतिहास आणि आपण

आपल्याकडे शिक्षणाचा विषय निघाला की बोलणं भिडे वाड्यापासून सुरू होतं, आणि ते योग्यच आहे. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, लगोलग सोलापुरात वसतिगृह उघडलं. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज. हा इतिहास आपल्या स्मरणिकांतून अनेकदा येऊन गेलेला आहे आणि वाचकांना तो जवळजवळ पाठ आहे.

परंतु त्याच इतिहासाचं पुढचं पान आपल्या डोळ्यांदेखत लिहिलं जात आहे, ते मात्र कुणी टिपून ठेवत नाही. ते पान संगणकाचं आणि मोबाइलचं. विहाराच्या सभागृहात दर रविवारी आम्ही काही मंडळी वस्तीतल्या मुलामुलींना संगणक आणि मोबाइल शिकवतो. आमच्यात कोणी बँकेत आहे, कोणी शिक्षिका आहे, कोणी दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. हे करता करता जे वाचलं, जे पाहिलं आणि जिथे आमचं चुकलं, ते या वर्धापन दिनाच्या निमित्ताने नोंदवून ठेवावं एवढाच हेतू आहे.

खोलीला कुलूप

भारतातल्या शाळांत संगणक आणण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४-८५ साली झाला. केंद्र सरकारच्या या प्रकल्पाचं नाव 'क्लास'. ब्रिटनमधून 'बीबीसी मायक्रो' नावाची यंत्रं आली आणि देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांत ती बसवली गेली. एवढ्या मोठ्या देशात अडीचशे शाळा म्हणजे समुद्रात चिमूटभर मीठ! आपल्या वस्तीतलं पोर ज्या नगरपालिकेच्या शाळेत जात होतं, तिथे त्या वेळी धड बाकं नव्हती, संगणक कुठला?

नंतरच्या वर्षांत काही शाळांत संगणकाची खोली झाली. ज्यांनी ती पाहिली त्यांना आठवत असेल. चपला बाहेर काढायच्या, आत थंडगार हवा, यंत्रावर प्लॅस्टिकचं किंवा कापडाचं झाकण आणि दाराला कुलूप. एका यंत्राभोवती दहा-बारा पोरं उभी राहायची. पुढच्या दोघांची बोटं लागायची, बाकीच्यांनी पाहायचं. यंत्र मोलाचं, पोर बिनमोलाचं, असा तो सगळा व्यवहार होता. ज्याला घाबरून हात लावायचा ते आपलं नाही, हे मूल न सांगताच शिकतं.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. सर्वसामान्यांसाठी म्हणायचं, पण ज्याच्याकडे फोनची लाइन आणि संगणक दोन्ही आहेत त्याच्यासाठी. आपल्या पोरांची गाठ इंटरनेटशी पडली ती पुढे सायबर कॅफेत, तासाला पैसे मोजून.

भिंतीतला संगणक

हे कुलूप एकदा गमतीने फोडलं गेलं. २६ जानेवारी १९९९ रोजी दिल्लीच्या कालकाजी भागात डॉ. सुगता मित्रा यांनी 'एनआयआयटी'च्या कार्यालयाच्या भिंतीत एक संगणक बसवला. भिंतीपलीकडे झोपडपट्टी होती. शिकवायला कोणी नाही, सूचना नाहीत, इंग्रजी तर पोरांना येतच नव्हतं. तरी थोड्याच दिवसांत पोरं एकमेकांना दाखवत, भांडत, हसत तो संगणक चालवू लागली. पुढे हा प्रयोग देशात इतर ठिकाणीही झाला, आपल्या कोकणात सिंधुदुर्ग जिल्ह्यातही झाला. जगभर त्याचं नाव झालं.

या प्रयोगाने एक फार मोठी गोष्ट सिद्ध केली, ती आपण मान्य केली पाहिजे. गरिबाच्या पोराला 'हे झेपणार नाही' असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. संधी मिळाली की पोर शिकतं. मात्र त्यातून अनेकांनी एक सोयीचा अर्थ काढला, की पोरांना यंत्र द्या, शिक्षकाची गरज नाही. इथे आमचं मत वेगळं आहे. यंत्र चालवायला पोरं आपसात शिकतात, हे आम्ही दर रविवारी बघतो. पण पलीकडून गोड बोलणारा माणूस कोण आहे, आपण टाकलेला फोटो कुठे कुठे जातो, फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोण मोजतं, या गोष्टी भिंतीतला संगणक शिकवत नाही. पोहता आलं म्हणजे नदी कळली असं होत नाही. भोवरा कुठे आहे हे गावातलं जाणतं माणूसच सांगतं.

कायदा मागून आला

धोका आधी आणि बंदोबस्त नंतर, असाच हा इतिहास आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला, पण त्याचा भर ऑनलाइन व्यवहार आणि सही-शिक्क्यांवर होता. मुलांच्या लैंगिक चित्रणाविरुद्ध स्वतंत्र कलम (६७-ब) त्यात घातलं गेलं ते २००८ च्या दुरुस्तीने, आणि ती दुरुस्ती लागू झाली २७ ऑक्टोबर २००९ रोजी. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा 'पॉक्सो' कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. सायबर गुन्ह्यांची तक्रार घरबसल्या नोंदवण्याचं राष्ट्रीय संकेतस्थळ आजच्या स्वरूपात आलं २०१९ साली. त्याआधीच सायबर कॅफे गल्लोगल्ली पोचले होते आणि मोबाइल खिशाखिशात.

एक गोष्ट मात्र आधीपासून होती आणि ती मुंबईतच जन्मली, याचा अभिमान वाटतो. संकटातल्या मुलांसाठी १०९८ ही फुकट दूरध्वनी सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली, रस्त्यावरच्या मुलांसाठी. आजही तो क्रमांक चालू आहे. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी पोरं हा क्रमांक तोंडपाठ करतात, पाढ्यासारखा.

दारच यंत्राच्या आत गेलं

काही वडीलधारी मंडळी आम्हांला विचारतात, "पोरांना मोबाइल हवाच कशाला? आम्ही काय बिनमोबाइलचे शिकलो नाही?" प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर असं, की त्या वेळी शाळेचं दार रस्त्यावर होतं, आता ते यंत्राच्या आत गेलेलं आहे. २००९ पासून मुंबईत अकरावीचा प्रवेश ऑनलाइन झाला. भारत सरकारची शिष्यवृत्ती, जिच्यावर आपल्या दोन पिढ्या शिकल्या, तिचा अर्ज आज 'महाडीबीटी'वर भरावा लागतो. आधार क्रमांक, ओटीपी, बँक खातं, सगळं जुळलं तरच पैसे जमा होतात.

मग होतं काय? पोरगं नेटच्या दुकानात जातं. दुकानदार अर्ज भरतो, पासवर्ड तोच ठरवतो, सगळ्यांना एकच ठेवतो आणि वहीत लिहून घेतो. ओटीपी मोठ्याने ओरडून सांगितला जातो. पुढच्या वर्षी दुकान बंद झालेलं, नंबर बदललेला, आणि पोरगं स्वतःच्याच शिष्यवृत्तीच्या बाहेर उभं. दुकानदार वाईट असतो असं नाही, बऱ्याचदा तो आपल्याच आळीतला असतो. पण आपली किल्ली दुसऱ्याच्या वहीत आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. रेशनकार्ड आपण शेजाऱ्याकडे ठेवतो का? मग पासवर्ड कसा ठेवतो?

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. इंटरनेट वस्तीत शिरलं, पण ते बापाच्या फोनमधून. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागून शाळाच फोनमध्ये गेली. त्याच्या थोडंच आधी, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी ४.४ टक्के आणि शहरी घरांपैकी २३.४ टक्के घरांत संगणक होता. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि शहरांत ४२ टक्के घरांत. म्हणजे शाळा अशा ठिकाणी गेली की जिथे बहुसंख्य पोरांना रस्ताच नव्हता. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर लाऊडस्पीकरवरून धडे ऐकवावे लागले. आपल्या वस्तीत एका फोनवर तीन भावंडं. त्यात क्रम ठरलेला असायचा. आधी भाऊ, मग धाकटा भाऊ, आणि भांडी घासून झाल्यावर, बॅटरी उरली तर, बहीण.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१७ साली ग्रामीण भागातल्या सहा कोटी घरांतून प्रत्येकी एका माणसाला डिजिटल साक्षर करण्याची योजना आली, ती मार्च २०२४ पर्यंत चालली. पण वयाची अट चौदा ते साठ, आणि घरातून एकच माणूस. तेरा वर्षांच्या मुलीचा नंबर तिथेही लागला नाही.

आमची चूक

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात जड होतो. पण इतिहास म्हणजे फक्त दुसऱ्यांच्या चुका नव्हेत.

वर्ग सुरू केला तेव्हा आमच्याकडे एका कचेरीतून मिळालेले सात जुने संगणक होते. आम्ही मराठी टंकलेखन शिकवलं, ई-मेल शिकवला, आणि पोरांना उत्साह यावा म्हणून समाजमाध्यमावर खातीही उघडून दिली. नाव पूर्ण लिही, शाळेचं नाव लिही, वस्तीचं नाव लिही, गणवेशातला छान फोटो लाव, असं आम्हीच सांगितलं. आपली पोरं जगासमोर स्वतःच्या नावाने उभी राहतायत याचा आनंद होता. त्या खात्याला कुलूप कसं लावायचं, हे आम्हांला सुचलंच नाही.

नववीतली एक मुलगी. ती कोण, वस्ती कुठली, हे आम्ही लिहिणार नाही, कायद्यानेही लिहिता येत नाही. हुशार पोर, टंकलेखन सगळ्यांत आधी तिला आलं. तिचा तो गणवेशातला फोटो कुणीतरी उचलला, दुसऱ्याच चित्राला चेहरा जोडला आणि तिलाच पाठवून धमकावू लागला. पंधरा दिवस ती कुणाला बोलली नाही. आईच्या डब्यातले पैसे कमी झाले तेव्हा घरात कळलं. वडिलांनी फोन जमिनीवर आपटला. दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. गावाकडे स्थळ बघायची बोलणी सुरू झाली.

आम्ही घरी गेलो. वडील दारातच बसले होते. म्हणाले, "सर, हे तुम्हीच शिकवलं ना तिला?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. कारण ते खरं होतं.

पुढे आमच्यातल्या एक ताई रोज संध्याकाळी त्या माऊलीजवळ जाऊन बसल्या. तक्रार झाली, पण फोन फुटला तेव्हा त्यातला पुरावाही फुटला होता, त्यामुळे वेळ लागला. ते चित्र काढलं गेलं. लग्नाची बोलणी थांबली. दीड महिन्याने मुलगी शाळेत परत गेली. आमच्या वर्गात मात्र ती आली नाही, आणि आम्हीही बोलवायला गेलो नाही. तो अधिकार आमचा उरला नव्हता.

जुनीच भीती, नवा वेश

या प्रकरणानंतर वस्तीत एकच सूर निघाला, "पोरींच्या हातात फोन नकोच." त्यांची काळजी खोटी नव्हती. पण हे वाक्य आपण आधी कुठे ऐकलं आहे? सावित्रीबाईंच्या काळी लोक म्हणत, बाई लिहायला शिकली तर परपुरुषाला पत्रं लिहील. म्हणून तिच्या हाती लेखणी नको. लेखणीच्या जागी आता फोन आला, एवढाच फरक. दोन्ही वेळा गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा पोरीला.

त्या वेळी फुले दाम्पत्याने भीतीला भिऊन शाळा बंद केल्या असत्या तर? त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये निबंध लिहून महार-मांगांचं दुःख जगासमोर मांडलं. लिपी हाती नसती तर ते दुःख दुसऱ्या कुणीतरी, त्याच्या सोयीने मांडलं असतं.

केरळात एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मुलींनी संध्याकाळी सहा ते दहा फोन वापरायचा नाही असा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, तिला वसतिगृहातून काढलं. ती न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला, की इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचाच भाग आहे. तिला परत घ्यावं लागलं. बंदी म्हणजे सुरक्षा नव्हे, हे न्यायालयाच्या तोंडून ऐकायला मिळालं.

केरळचंच आणखी एक उदाहरण घेण्यासारखं आहे. तिथे २००१ साली 'आयटी@स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला तो शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर देऊन. २०१८ साली शाळाशाळांत मुलांचे 'लिटल काइट्स' नावाचे गट झाले. आणि मे २०२२ मध्ये याच गटांतर्फे सुमारे तीन लाख मातांना सायबर सुरक्षेचे धडे देण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. पोरांनी आयांना शिकवायचं! आम्हांला हे वाचून उमगलं की आमचा वर्ग अर्धाच होता. आम्ही मुलीला शिकवलं, पण जिच्याकडे तिने रडत जायला हवं होतं, त्या आईला शिकवलं नाही.

आता वर्ग कसा चालतो

सुरक्षेची पुस्तकं आम्ही आणली. चांगली आहेत, पण ती बहुतेक अशा मुलासाठी लिहिलेली, ज्याच्याकडे स्वतःचा फोन आहे, स्वतःची खोली आहे आणि इंग्रजी वाचणारे आईबाप आहेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. तरतूद चांगलीच आहे, पण आपल्या घरात बापाच्या वतीने संमतीचं बटण पोरगंच दाबतं. म्हणून आम्ही आमचे धडे स्वतः बेतले.

फोन घरात एकच असेल तर काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडायचं, हे पहिलं. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा पासवर्ड स्वतःच टाकायचा, दुकानदाराला तोंड फिरवायला सांगायचं, यात लाज कसली? 'मोफत लॅपटॉप', 'मोफत रिचार्ज' असा संदेश आला की तो पुढे ढकलण्याआधी सरकारी संकेतस्थळावर बघायचं. फोटोत गणवेश, शाळेची पाटी, घराचा दरवाजा नको. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कुणी धमकावलं तर तीन गोष्टी : पैसे द्यायचे नाहीत, काही पुसायचं नाही, एकटं राहायचं नाही. पडद्याचा फोटो काढून ठेवायचा आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. मग १०९८, पैशाची फसवणूक असेल तर १९३०, आणि जवळचं पोलीस ठाणं. अठरा वर्षांखालच्या मुलांचे असे फोटो पसरू नयेत यासाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा २०२३ पासून आहे. तिथे फोटो पाठवावाही लागत नाही, त्याची फक्त एक सांकेतिक खूण फोनवरच तयार होऊन जाते.

एक धडा मात्र कुठल्याच पुस्तकात सापडला नाही. २०१५ साली शिर्डीत मोबाइलवरच्या बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून एका तरुणाचा खून झाला. जयंतीचं स्टेटस ठेवलं म्हणून जातीवरून शिव्या खाल्लेली पोरं आमच्या वर्गात आहेत. त्यांना आम्ही सांगतो, शिवीला शिवीने उत्तर देऊ नका, पुरावा जपा. अॅट्रॉसिटीचा कायदा ऑनलाइन जातिवाचक अपमानालाही लागू होतो, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटलेलं आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतिरावांनी सांगितलं होतं, की सरकारने प्राथमिक शिक्षणाकडे आधी बघावं आणि बहुजनांच्या मुलांना शिकवायला शिक्षक त्यांच्यातूनच यावेत. आम्ही तेच करायचं ठरवलं. आता अकरावी-बारावीच्या मुली धाकट्यांना शिकवतात, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी आयांचा वर्ग असतो. पहिल्या वेळी चार आया आल्या होत्या. हळूहळू वाढतायत. वडील अजून येत नाहीत, ही खंत आहे. फोन तर त्यांच्याच खिशात असतो!

वाचकहो, यंत्रं मिळतात. जुने मोबाइल, जुने संगणक लोक आनंदाने देतात. आम्हांला हवी आहेत ती माणसं, रविवारी दोन तास देणारी, आणि घरात एवढं सांगणारे आईबाप, की "काही झालं तरी आधी मला सांग, मी फोन फोडणार नाही आणि तुझी शाळाही बंद करणार नाही." हे एक वाक्य त्या मुलीने आधी ऐकलं असतं तर ते पंधरा दिवस तिने एकटीने काढले नसते.